खजिना कल्याणचा, गोष्ट खाडीची

१९२४ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘कल्याण खजिना’ नावाचा मूकपट काढला. दिग्दर्शक होते बाबूराव पेंटर. आदल्याच वर्षी त्यांचा ‘सिंहगड’ आला होता आणि त्याला अशी गर्दी लोटली होती की, करमणूक कर बसवण्याची कल्पना सरकारला त्या गर्दीवरूनच सुचली, असे चित्रपटसृष्टीत आजही सांगितले जाते. तानाजीच्या कड्यानंतर पेंटरांनी कल्याणच्या लुटीला हात घातला. आवाज नसलेल्या पडद्यावर घोडदौड, तलवारी आणि मोहरा बघायला बायकापोरांसह माणसे यायची. मराठी घराने एकत्र बसून बघायच्या साहसपटाचा पाया असा घातला गेला, आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या विटांपैकी एकीवर कल्याणचे नाव आहे.

पुढे भालजी पेंढारकरांनी ‘नेताजी पालकर’, ‘बहिर्जी नाईक’, ‘छत्रपती शिवाजी’, ‘मराठा तितुका मेळवावा’ असे चित्रपट काढून ही वाट रुंद केली. गेल्या काही वर्षांत दिग्पाल लांजेकरांचे ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ ओळीने आले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत असा चित्रपट लागला की आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे घर निघते. परत येताना रिक्षात हमखास एक प्रश्न येतो : हे खरंच असं झालं होतं का?

कल्याणपुरते बोलायचे तर उत्तर आहे : झाले होते, पण गोष्ट वेगळी आहे.

सून आणि सुभेदार

कल्याणचा खजिना म्हटले की मराठी माणसाला आठवते ती सुभेदाराची सून. आबाजी सोनदेवांनी लुटीबरोबर तिलाही दरबारात हजर केले आणि महाराजांनी तिला मानाने, साडीचोळी देऊन परत पाठवले. नाटकांनी, पोवाड्यांनी आणि कॅलेंडरवरच्या चित्रांनी ही गोष्ट घरोघर नेली.

समकालीन कागदपत्रांत मात्र ती सून सापडत नाही. कल्याण तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होते आणि तिथला अंमल मुल्ला अहमद नवायत या सरदाराकडे होता. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आबाजी सोनदेव आहेत, कल्याणहून विजापूरला निघालेल्या खजिन्यावरचा छापा आहे आणि सन्मानाने सोडून दिलेला एक कैदीही आहे. पण तो कैदी म्हणजे खुद्द मुल्ला अहमद. पराभूत शत्रूला आदराने परत पाठवण्याचा हा धागा पुढच्या गोष्टीत सुनेपर्यंत कसा पोचला असावा, याचा अंदाज वाचकाला बांधता येईल.

पण गोष्ट कल्पित ठरली म्हणून तिच्यातला स्वभावही कल्पित ठरत नाही. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रानुसार रांझे गावच्या पाटलाने बाईशी बदअंमल केला म्हणून शिवाजीराजांनी त्याचे हातपाय तोडायची शिक्षा दिली. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार महाराजांना लागट शब्द वापरताना कचरत नाही. तरीही लुटीत बायकांना हात लावायचा नाही, असा त्यांचा कडक नियम होता, हे तोही नोंदवतो. कल्याणच्या सुनेशिवायही ही साक्ष भक्कम आहे.

१६५७ ची वसुबारस

मग कल्याणला नेमके घडले काय?

त्यासाठी थोडे लांब, विजापूर आणि दिल्लीकडे बघावे लागते. नोव्हेंबर १६५६ मध्ये मुहम्मद आदिलशहा वारला. ही संधी साधून दख्खनचा मोगल सुभेदार औरंगजेब आदिलशाहीवर चालून गेला आणि त्याने बीदर व कल्याणी हे किल्ले घेतले. हे कल्याणी म्हणजे कर्नाटकातले आजचे बसवकल्याण. आपल्या कल्याणशी त्याची गल्लत नेहमी होते. सप्टेंबर १६५७ मध्ये शहाजहान आजारी पडल्याची बातमी आली आणि औरंगजेबाचे सारे लक्ष दिल्लीच्या तख्ताकडे गेले. विजापूर खिळखिळे, मोगल पाठमोरे आणि, डफच्या हकिगतीपेक्षा वेगळे, मुल्ला अहमद विजापुरात. सत्तावीस वर्षांच्या शिवाजीराजांनी हीच वेळ हेरली.

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी, वसुबारसेच्या दिवशी, मराठ्यांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. दादाजी बापूजी रांझेकर कल्याणवर आणि सखो कृष्ण लोहोकरे भिवंडीवर चालून गेले, असे मानले जाते. इतिहासकार जदुनाथ सरकार लिहितात की ही दोन्ही श्रीमंत गावे तेव्हा तटबंदीवाचून होती, म्हणून ती सहज हाती आली आणि पैशाबरोबर किमती मालही मिळाला. तटावर दोर टाकून चढण्याचा प्रसंग इथे घडायला तटच नव्हता! पाठोपाठ ८ जानेवारी १६५८ रोजी शहापूरजवळचा माहुली किल्ला घेतला. या विजयाला घरची किनार होती. १६३६ साली शहाजीराजांची निजामशाही वाचवण्याची शेवटची धडपड याच माहुलीवर संपली होती. सहा वर्षांचा शिवबा तेव्हा जिजाबाईंबरोबर गडावर होता, असे इतिहासकार मानतात. वडिलांना सोडावा लागलेला गड एकवीस वर्षांनी मुलाने घेतला. एवढे कथानक पटकथाकाराला आयते मिळते, तरी कल्याणच्या मोहिमेची गोष्ट सांगताना माहुली बहुधा विसरली जाते.

खजिन्यापेक्षा मोठी गोष्ट मिळाली ती खाडी. कल्याण हे जुने बंदर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. उल्हास नदीच्या पाण्याने गलबते थेट गावापर्यंत येत आणि मागच्या जंगलात सागवान मुबलक. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत वाढलेल्या राज्याला पहिल्यांदाच खारे पाणी हाती लागले.

दोन वर्षांच्या आत त्याचा परिणाम दिसला. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी आणि पनवेल इथे शिवाजी वीस लढाऊ नौका बांधत असल्याची खबर आहे. कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याचा मुलगा होता. पोर्तुगीजांना घाम फुटायला कारण होते. कल्याणची नौका समुद्राला लागायची तर तिला घोडबंदर आणि वसईवरूनच जावे लागे, आणि ही दोन्ही ठिकाणे त्यांची होती. त्यांनी व्हिएगसला गुपचूप फितवून काम सोडायला लावले. तो आपली माणसे घेऊन निघून गेला, पण आरमाराचे काम थांबले नाही. सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली १६६४ मध्ये. म्हणजे मराठी आरमाराची सुरुवात मालवणच्या आधी कल्याणच्या चिखलात झाली.

चित्रपट विजयाच्या क्षणी संपतो, इतिहासाला ती सोय नाही. मे १६६१ मध्ये मोगलांनी कल्याण परत घेतले आणि पुढची आठ-नऊ वर्षे ते त्यांच्याकडे राहिले. १६७० मध्ये मराठ्यांनी ते पुन्हा जिंकले. मुल्ला अहमद १६६५ साली विजापूरचा वकील म्हणून मिर्झाराजे जयसिंगाकडे गेला आणि मोगलांच्या चाकरीतच शिरला. गोष्टीतल्या सुभेदारापेक्षा खरा सुभेदार बराच रंगतदार होता.

ठाण्याच्या किल्ल्यातली रात्र

खाडीने पुढे ठाण्यालाही एक साहसकथा दिली. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास ठाण्याचा किल्ला बांधायला घेतला. तो पुरता होण्याआधीच, मार्च १७३७ मध्ये, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांच्या ताब्यात गेला. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक या मोहिमेच्या जुळवाजुळवीत पुढे होते. दोन वर्षांनी वसई पडली. ‘वसईची लढाई’ म्हणून शाळेत शिकतो ती मोहीम ठाण्याच्या पाण्यातून सुरू झाली होती.

२८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी ठाणे घेतले. त्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन मारला गेला. किल्ल्यात पुढे त्यांनी एक बडा कैदी ठेवला : दुसऱ्या बाजीरावाचा उजवा हात त्रिंबकजी डेंगळे. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. ते इंग्रजांच्या हमीवर आले होते. रेसिडेंट एल्फिन्स्टनने खुनाचा ठपका त्रिंबकजींवर ठेवला आणि पेशव्यांना त्यांना ताब्यात द्यायला भाग पाडले.

कैदी पेशव्यांचा लाडका, म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा ठेवला. देशी शिपाई फितूर होतील ही धास्ती. खबरदारीचीच चूक ठरली. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मराठा मोतद्दार चाकरीला राहिला. तो घोड्याला खरारा करताना, टहलवताना कैद्याच्या खिडकीखाली गाणी म्हणायचा. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते, म्हणून त्यांच्या लेखी ती नुसतीच गाणी. त्यांत निरोप होता : बाहेर चोपन्न माणसे आणि पंचावन्न घोडे वाट बघत आहेत. एक खोगीर रिकामे आहे, हे त्रिंबकजींना कळले. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून ते निसटले आणि खाडी ओलांडून पसार झाले. बिशप हेबर १८२४ साली उत्तर भारतात चुनारच्या किल्ल्यात गेला, तेव्हा त्रिंबकजी तिथे पुन्हा कैदेत होते. गाण्याची हकिगत हेबरने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे.

या एका रात्रीने राजकारण तापले. मे १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले तारण म्हणून इंग्रजांना द्यावे लागले आणि जूनमध्ये पुण्याचा तह झाला. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि वर्षभरात पेशवाई बुडाली. त्रिंबकजी १८१८ मध्ये पकडले गेले आणि १८२९ साली चुनारलाच वारले. ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे.

तलवारीवाचूनचे साहस

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. १ मे १८५४ रोजी ती खाडी ओलांडून कल्याणला पोचली. गलबतांचे गाव हळूहळू जंक्शनचे गाव झाले. अकरा वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. हीच पुढची डॉ. आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न. पती गोपाळराव टपाल खात्यात. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि डॉक्टर व्हायचा ध्यास तिथून लागला. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अठरा वर्षांची आनंदी नवऱ्याशिवाय अमेरिकेच्या बोटीत चढली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला एम. डी. झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, क्षयाने गेली.

समीर विद्वांस यांचा ‘आनंदी गोपाळ’ २०१९ साली आला. सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. बहुतेक प्रेक्षकांना आनंदीबाई त्याआधी श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीतून माहीत होत्या. चित्रपटाने नवरा-बायकोचे नाते मध्यभागी ठेवले, तो त्याचा हक्क आहे. मात्र हे साहस घडले ते टपालामुळे. गोपाळरावांचे पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले, ते न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले आणि महिनोन्‌महिने चाललेल्या पत्रव्यवहारातून परक्या देशात एक घर उभे राहिले. टपाल खात्यातल्या कारकुनाच्या बायकोने टपालाचाच पूल केला.

तिन्ही गोष्टींत पडदा माणसाचे धाडस दाखवतो आणि तेवढ्यावर थांबतो. धाडस कशाच्या बळावर शक्य झाले, ते कागदपत्रांत असते : तटबंदी नसलेले गाव, सागवान, उल्हासचे पाणी, पहारेकऱ्याला न येणारी भाषा, टपालाचे तिकीट. त्यातले निम्मे जरी पटकथेत आले, तरी चित्रपट कंटाळवाणा होणार नाही. उलट, तलवारींच्या खणखणाटात हरवलेली अक्कलहुशारी दिसेल. सून काल्पनिक आहे, हे सांगायला दिग्दर्शकाने घाबरू नये. वीस नौका खऱ्या आहेत.

पालकांसाठी एक सूचना. पुढचा ऐतिहासिक चित्रपट बघून आलात की त्याच आठवड्यात पोरांना कल्याणच्या खाडीकाठी असलेल्या दुर्गाडी किल्ल्यावर न्या. कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षाने जाता येते. देवीचे दर्शन झाले की खाडीकडच्या कडेला उभे राहून पाणी कुठे वळते ते दाखवा. पायथ्याशी नौदलाची निवृत्त नौका टी-८० आणून ठेवली आहे, ती का ठेवली ते सांगा. माहुलीला जायचे असेल तर आसनगावला उतरावे. चढ दमवणारा आहे, म्हणून पावसाळा ओसरल्यावर आणि सकाळच्या पहिल्या लोकलने निघावे. आणि दिवाळीत सोसायटीच्या आवारात पोरे मातीचा किल्ला करतील, तेव्हा त्याच्या पायथ्याशी एखादी खाडी आणि चार होड्याही करायला सांगा.