इंजिनाची नियंत्रक पेटी : बदलण्यापूर्वीं व बदलतांना

पिंगळीच्या शिवारांतील काळ्या जमिनीस मृगाचा पाऊस होऊन वापसा आला म्हणजे पेरणीस मिळणारे दिवस बोटांवर मोजण्याइतकेच असतात. अशा वेळीं ट्रॅक्टर बंद पडला तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचें नसतें. वापसा जातो व सारा हंगाम मागें पडतो. त्या घाईंत कोणी ‘ईसीएम गेला, नवा घाला’ असें सांगितलें म्हणजे शेतकरी निमूटपणें पैसे मोजतो. आणि पेटी बदलूनही इंजिन चालू झालें नाहीं, तर पैसा व वापसा दोन्ही जातात. म्हणून ही पेटी काय काम करते, ती खरोखर बिघडली हें कसें ओळखावें आणि बदलतांना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार येथें केला आहे.

जुन्या इंजिनांत डिझेल किती जावें हें पंपावरील गव्हर्नर ठरवीत असे. पुण्यास १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर कंपनीचीं ऑइल इंजिनें आपल्या विहिरींवर चाललीं तीं अशाच यांत्रिक योजनेवर. आणि ५० अश्वशक्तीच्या आंतील बहुतेक ट्रॅक्टर आजही तसेच आहेत. परंतु रस्त्यावरील नव्या वाहनांस १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे आणि ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम चारचे धूरविषयक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठीं ‘कॉमन रेल’ पद्धतीचीं इंजिनें आलीं. यांत मोठ्या दाबाचा पंप सर्व डिझेल एका जाड नळींत भरतो; त्या नळीवरील व इंजिनावरील सेन्सर दाब, वेग व उष्णता यांची वर्दी पेटीस देतात; आणि पेटी हिशेब करून प्रत्येक इंजेक्टर केव्हां व किती वेळ उघडावा याचा हुकूम सोडते. वर्दी चुकली कीं हुकूमही चुकतो. दोष पेटीचा दिसतो. पण तो पुष्कळदां वर्दी देणाराचा किंवा वाटेंतील वायरीचा असतो.

यास्तव पेटीवर संशय घेण्यापूर्वीं पुढील तपासणी क्रमानें करावी.

१. बॅटरी. उभ्या गाडींत पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरतांना हा आंकडा साडेनवाच्या खालीं जात असेल, तर पेटी मध्येंच बंद पडूं शकते. तेव्हां प्रथम बॅटरी व तिचे टर्मिनल पाहावे.

२. अर्थ व फ्यूज. स्टार्टर फिरत असतां बॅटरीचें ऋण टोक व इंजिनाचा सांगाडा यांमध्यें अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक आल्यास अर्थची पट्टी सैल किंवा गंजलेली आहे असें समजावें. फ्यूज व रिले हेही त्याच वेळीं पाहून घ्यावे.

३. वायरी. गोठ्याशेजारीं किंवा कडब्याजवळ उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात. शिवाय धुतांना जोराच्या फवाऱ्याचें पाणी जोडांत शिरून पिना हिरव्या पडतात.

४. डिझेल. फिल्टर तुंबला किंवा पाणी वेगळें करणारी वाटी भरली, तरी नळींत दाब चढत नाहीं. पिंपांत सांठविलेल्या डिझेलांत पावसाळ्यांत पाणी सांपडणें नवल नव्हे.

५. स्कॅनर. वरील सर्व ठीक असेल तर स्कॅनर लावून दोषांचे संकेत लिहून घ्यावे. पेटीस वीज व अर्थ नीट मिळत असूनही ती स्कॅनरशीं बोलत नसेल, किंवा सेन्सरांस जाणारे ५ व्होल्ट येत नसतील, तर एकेक सेन्सर सोडवून पाहावा. कारण एकच सेन्सर आंतून जोडला गेला तरी तो सर्वांचे ५ व्होल्ट ओढून घेतो. एवढ्यानेंही फरक न पडला, तरच पेटी बिघडली असें म्हणण्यास आधार मिळतो.

या तपासणींत एक गोष्ट मुळींच विसरूं नये. चालू इंजिनाच्या त्या जाड नळींत एक हजार बारांहून अधिक दाब असूं शकतो. ट्रॅक्टरच्या पुढील चाकांत तो दोन-तीन बारच असतो. गळती हातानें चांचपूं नये व चालू इंजिनाचे नट ढिले करूं नयेत. बारीक धारही कातडी भेदून आंत शिरते. जखम लहान दिसली तरी तत्काळ इस्पितळांत जावें.

पेटी बदलावयाचीच ठरल्यास ट्रॅक्टर हमीच्या मुदतींत आहे कीं काय हें आधीं पाहावें. असल्यास तिला हात न लावतां विक्रेत्यास कळवावें. नसल्यास नवीन पेटीचा क्रमांक जुन्या पेटीशीं ताडून घ्यावा. जुनी पेटी बोलत असेल तर तींतील नोंदी प्रथम उतरवून घ्याव्या. मग किल्ली बंद करून कांहीं मिनिटें थांबावें, बॅटरीचें ऋण टोक काढावें, अंगांतील वीज उतरावी म्हणून सांगाड्यास हात लावावा आणि नंतरच जोड सोडवावे. नवी पेटी बसवून बॅटरीचें ऋण टोक शेवटीं लावावें.

परंतु पेटी बसविली म्हणजे काम संपलें असें नाहीं. तींत त्या इंजिनाची आज्ञावली भरावी लागते. प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला संकेत त्या त्या क्रमांकास द्यावा लागतो. तो चुकल्यास इंजिन धडधडतें व धूर सोडतें. किल्लीस चोरीबंदी असेल तर किल्लीचीही ओळख करून द्यावी लागते. म्हणूनच भंगारांतून आणलेली स्वस्त पेटी पुष्कळदां निरुपयोगी ठरते. शेवटीं ट्रॅक्टर औतास जुंपून भारावर चालवून पाहावा व त्यानंतरच पैसे द्यावे. जुनी पेटी व लेखी पावती आपल्याजवळ ठेवावी.

पेटी टिकविण्याचा उपाय सोपा आहे. ट्रॅक्टरास किंवा त्यास जोडलेल्या औजारास विजेचें वेल्डिंग करावयाचें असेल तेव्हां बॅटरीचीं दोन्ही टोकें व पेटीचे जोड आधीं काढावे आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या जवळच लावावी. लोहाराच्या दुकानीं या पांच मिनिटांचा आळस केल्यानें चांगली पेटी जळूं शकते. रोहिणी लागण्यापूर्वीं एक दिवस काढून फिल्टर, बॅटरी व वायरी पाहून घेणारा शेतकरी वापशाच्या दिवशीं परभणीच्या वाटेवर नव्हे, आपल्या तिफणीमागें असेल.