हिरवा राक्षस, केशरी कंदील आणि एका वेळी एकच बदल

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी रात्री जेवणं झाल्यावर डिजिटल चित्रं रंगवायला लागले. विषय ठरलेला: हातात कंदील घेऊन उभा असलेला, हिरव्या कातडीचा राक्षस. रेखाटन बरं जमलं होतं, पण रंग भरले की तो स्टिकरसारखा चपटा दिसायचा. मग मी हिरव्याची छटा बदलली, सावल्या गडद केल्या, ब्रश बदलला, मागचं आकाशही बदललं. सगळं एकाच रात्रीत. चित्र थोडं सुधारलं, पण नेमकं कशामुळे ते मला सांगता येईना.

त्याच आठवड्यात गाईडनी माझ्या प्रयोगाचा आलेख बघून विचारलं, "रिझल्ट सुधारलाय, पण कशामुळे?" तिथेही मी तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. दोन महिन्यांचा डेटा बाजूला ठेवावा लागला. त्यानंतर राक्षस आणि प्रयोग, दोन्ही मी एकाच पद्धतीने करायला शिकले. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर ही पद्धत चित्रावर शिकणं स्वस्त पडतं. चूक झाली तर फार तर एक संध्याकाळ जाते.

आधी उजेड-अंधार, मग रंग

चित्र चपटं दिसतं तेव्हा आपण रंगाला दोष देतो. बहुतेक वेळा दोष उजेड-अंधाराच्या पायऱ्यांमध्ये असतो. तपासायचं असेल तर चित्र करडं करून बघा. पण इथे एक सापळा आहे. एचएसएल पद्धतीत सॅच्युरेशन शून्यावर नेलं, तर शुद्ध लाल, हिरवा आणि निळा तिघांचाही अगदी एकच करडा होतो. डोळ्याला मात्र ते सारखे उजळ दिसत नाहीत. नेहमीच्या एसआरजीबी स्क्रीनवर पांढऱ्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा फक्त 7 टक्के असतो. म्हणून सगळ्यात वर काळ्याने भरलेला लेअर ठेवून त्याला 'कलर' मोड द्या. हा करडा डोळ्याच्या बराच जवळ जातो. मोजपट्टीच चुकीची असेल तर निष्कर्ष कितीही नीट काढा, उपयोग नाही.

कंदिलाचा प्रकाश म्हणजे गुणाकार

राक्षस काल्पनिक आहे, पण त्याच्यावर पडणारा प्रकाश काल्पनिक नाही. कातडी जेवढा प्रकाश परत पाठवते, त्याला आलेल्या प्रकाशाने गुणायचं. लाल, हिरवा, निळा असं वेगवेगळं. समजा कातडी 0.3, 0.6, 0.2 आणि कंदील 1, 0.5, 0.1. उत्तर येतं 0.3, 0.3, 0.02. लाल आणि हिरवा सारखे, निळा जवळजवळ नाही, म्हणजे मळकट पिवळा! मी मात्र तिथे हट्टाने पोपटी भरत होते.

प्रकाश किती पडेल हे कोनावर ठरतं. योहान हाइनरिश लाम्बर्टने 1760 मध्ये मांडलेला नियम इथे पुरतो: खरखरीत पृष्ठभागावरचा प्रकाश कोनाच्या कोसाइनप्रमाणे घटतो. समोरासमोर पूर्ण, 60 अंशांवर निम्मा, 90 अंशांवर शून्य. फक्त एक लक्षात ठेवा, निम्मा प्रकाश म्हणजे स्क्रीनवरचा 128 हा आकडा नव्हे, साधारण 188. स्क्रीनचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढत नाहीत.

सावली काळी का नसते?

कंदील पोचत नाही तिथे आकाश पोचतं. दोन दिव्यांची बेरीज होते, म्हणून सूत्र असं: कातडी × (कंदील + आकाश). नुसत्या काळ्याने मल्टिप्लाय केलं की आकाश पुसलं जातं आणि सावली मेल्यासारखी दिसते. सावलीत थोडा निळा येऊ द्या.

डोळा काय माफ करतो

ओस्ट्रोव्हस्की, कॅव्हानाह आणि सिन्हा यांच्या 2005 च्या अभ्यासात असं दिसलं की चित्रातल्या एखाद्या वस्तूवर प्रकाश वेगळ्याच दिशेने पडत असला तरी ते लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. कॅव्हानाह यांनी त्याच वर्षी चित्रकारांविषयी लिहिताना म्हटलं की सावलीचा रंग किंवा आकार चुकला तरी चालून जातं, पण ती आसपासच्या भागापेक्षा गडद असावीच लागते. म्हणजे मेहनत कुठे आधी घालायची, हेही संशोधनच सांगतं.

आता तुम्ही करून बघा

एकच रेखाटन घ्या आणि त्याच्या तीन प्रती करा. कातडी तीच, ब्रश तोच, कोनही तेच. फक्त दिवा बदला: केशरी कंदील, दुपारचं ऊन, निळं चांदणं. रंगवण्याआधी गाल, कपाळ आणि हनुवटीखालचा भाग कसा दिसेल ते वहीत लिहा. मग रंगवा आणि ताडून बघा. जिथे अंदाज चुकला, तिथे थांबा. कातडीचा आकडा चुकला, दिव्याचा, की कोन? एका वेळी एकच दुरुस्त करा आणि फाईल नव्या नावाने सेव्ह करा.

माझ्या राक्षसाच्या फोल्डरमध्ये आज 14 फाईली आहेत. तेरावी बिघडलेली आहे, पण ती का बिघडली हे मला सांगता येतं. प्रयोगाच्या वहीबद्दलही आता तेच म्हणू शकते. गाईडचा तो प्रश्न कधीतरी तुमच्यापुढेही येईल, तेव्हा तुमच्याकडे उत्तर असू दे.