‘चौक’ शोधला आणि अख्खा जिल्हा सापडला

लोकलच्या गर्दीत ज्यांना एपिसोड नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिहून देतोय. आजचा प्रश्न अगदी साधा: जावास्क्रिप्टमध्ये एका मजकुरात दुसरा मजकूर आहे की नाही, हे कसं तपासायचं?

आधी माझी फजिती सांगतो. कर्जत-खालापूरकडच्या मित्रांसाठी मी रक्तदात्यांची यादी एका वेबपेजवर टाकली होती. वर सर्च बॉक्स. गाव टाका, नंबर घ्या. एका रात्री मित्राचा फोन. “अरे, कर्जत टाकलं तर खोपोलीचे लोक दिसतायत. कर्जतमध्ये कोणीच नाही का?”

होते ना! माझ्याच कोडने त्यांना गायब केलं होतं. मित्राने शेवटी फोनाफोनी करून माणूस मिळवला, पण ती रात्र मला अजून आठवते.

चूक काय होती? मी ‘इफ’च्या कंसात थेट ‘इंडेक्सऑफ’ लिहिलं होतं. हा इंडेक्सऑफ हो किंवा नाही सांगत नाही, तो जागा सांगतो, आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. पत्ता ‘कर्जत, भिसेगाव’ असेल तर उत्तर 0. पत्त्यात कर्जत नसेलच तर उत्तर -1. आता गंमत बघा: ‘इफ’ला 0 म्हणजे खोटं आणि -1 म्हणजे खरं. म्हणून कर्जतवाले बाहेर आणि खोपोलीवाले आत!

उपाय दोन. एकतर उत्तर -1 आहे का ते स्पष्ट तपासा. नाहीतर सरळ ‘इन्क्लूड्स’ वापरा. 2015 पासून तो जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि खरं-खोटं एवढंच सांगतो. पीएचपीवाल्यांनो, तुमच्या ‘स्ट्रपॉस’मध्येही हाच खड्डा आहे. 2020 मध्ये आलेल्या पीएचपी 8 मधलं ‘स्ट्र कंटेन्स’ वापरा.

झालं? नाही. इन्क्लूड्स लावल्यावर मी ‘चौक’ शोधलं. खालापूर तालुक्यातलं आपलं चौक गाव हो. तर ‘शिवाजी चौक’, ‘टिळक चौक’ असे सगळे पत्ते धावत आले. ‘कर्जत’ टाकलं तर घाटापलीकडच्या, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचा एक दाताही हजर. कोडच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. अक्षरं जुळली की त्याचं काम संपलं, अर्थाशी त्याला देणंघेणं नाही.

त्यात आपली देवनागरी. ‘कर्जत’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण कॉम्प्युटरला पाच: क, र, हलन्त, ज, त. म्हणून ‘कर’ एवढंच टाईप केलं तरी कर्जत सापडतं, आणि आडनावाच्या शेवटी ‘कर’ असलेले सगळेही! उलट कोणी ‘खालापुर’ असं ऱ्हस्व लिहिलं तर ‘खालापूर’ अजिबात सापडत नाही. मोबाईलचा कीबोर्ड सुचवलेल्या शब्दानंतर गुपचूप स्पेस टाकतो, त्यानेही जुळणी फसते. आणि बॉक्स रिकामा ठेवला तर? इन्क्लूड्स म्हणतो, खरं. रिकामा मजकूर प्रत्येक मजकुरात असतोच, त्यामुळे अख्खी यादी समोर येते.

मग मी काय केलं? जिल्हा आणि तालुका वेगळ्या रकान्यात घेतले, ते यादीतूनच निवडायचे आणि तंतोतंत जुळवायचे. गाव किंवा पाडा मात्र इन्क्लूड्सने शोधायचा. त्याआधी शोधलेला शब्द आणि पत्ता, दोन्हींच्या कडेच्या स्पेस ‘ट्रिम’ने काढायच्या, ‘नॉर्मलाईज’ लावायचं आणि ऱ्हस्व-दीर्घ एकच धरायचं. नॉर्मलाईज हे शेवटचं काम करत नाही बरं का, ते आपणच ‘रिप्लेस’ने करायचं.

मुख्य धडा वेगळाच आहे. तपासणी कडक ठेवायची की सैल, हे कोड नाही ठरवत, काम ठरवतं. रक्ताच्या यादीत एक नंबर जास्त आला तर एक फोन वाया जाईल, पण एक नंबर सुटला तर? म्हणून तिथे सैल बरी. पासवर्ड किंवा बँक खातं असेल तर मात्र अर्धवट जुळणीला दारातही उभं करू नका.

आजचा गृहपाठ: केळवली, डोळवली, दहिवली ही तीन नावं घ्या आणि ‘वली’ शोधा. मग फक्त केळवलीच यावी म्हणून काय कराल ते कळवा. भेटू पुढच्या भागात!