युद्धाची छाया आणि विमानाचे तिकीट

विमानाचे तिकीट ही दिसावयास अगदी क्षुल्लक वस्तू आहे. पूर्वी ती काही पानांची एक पातळ पुस्तिका असे. आता ती बहुधा कागदावरही उतरत नाही, सहा अक्षरे व आकडे यांच्या एका खुणेत सामावते. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर तिकीट म्हणजे एक करार होय. प्रवाशाने आगाऊ पैसे दिलेले असतात आणि कंपनीने त्याला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी पोहोचविण्याचे वचन दिलेले असते. शांततेच्या दिवसांत हा करार कोणी वाचीत नाही. वाचण्याची गरजही पडत नाही. सीमेवर तोफा धडाडू लागल्या म्हणजे मात्र त्यातील एकेका शब्दाला मोल येते.

७ मे २०२५ रोजी भारताने सीमेपलीकडील दहशतवादी तळांवर हल्ले केले. त्याच दिवशी श्रीनगर, जम्मू, लेह, अमृतसर, जोधपूर, भूज, जामनगर आदी विमानतळ नागरी वाहतुकीस बंद झाले. दोनच दिवसांत बंद विमानतळांची संख्या ३२ वर गेली. १५ मेपर्यंत लागू असलेली ही बंदी शस्त्रसंधीनंतर १२ मे रोजीच उठली. अवघ्या पाच-सहा दिवसांचा हा अवधी. पण तेवढ्यात असंख्य कुटुंबांना एकच प्रश्न पडला: आता आपल्या तिकिटाचे काय होणार? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. ते समजून घ्यावयाचे तर प्रथम आकाश बंद करण्याचा अधिकार कोणाला, हे पाहिले पाहिजे.

आकाशाचे मालक

१९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात असे मान्य करण्यात आले की, प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व आहे. याच कराराच्या नवव्या कलमानुसार लष्करी गरजेसाठी अथवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आपल्या हवाई हद्दीच्या एखाद्या भागात उड्डाणास मनाई करण्याचा अधिकार राष्ट्राला मिळतो, आणि आणीबाणीच्या प्रसंगी तर संपूर्ण हवाई हद्दही तात्पुरती बंद ठेवता येते. ही मनाई वैमानिकांना ज्या सूचनेद्वारे कळविली जाते तिला विमानवाहतुकीच्या परिभाषेत 'नोटाम' म्हणतात. ही सूचना निघाली की कंपनीची इच्छा असो वा नसो, तिचे विमान तेथे जाऊ शकत नाही.

हा अधिकार वापरण्यात हयगय झाली तर काय घडते, याची दोन दुःखद उदाहरणे अलीकडच्या इतिहासात आहेत. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे युद्ध चालू होते, तरी त्या उंचीवरील मार्ग खुला ठेवण्यात आला होता. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून उडालेले युक्रेनचे विमान इराणच्याच संरक्षक क्षेपणास्त्रांना बळी पडले. त्यात १७६ जण दगावले. त्या रात्रीही आकाश बंद केलेले नव्हते. या दोन घटनांची आठवण ठेवली म्हणजे आज सरकारे तातडीने हवाई हद्दी का बंद करतात, याचा उलगडा होतो. रद्द झालेले उड्डाण ही गैरसोय खरीच; पण ती कित्येकदा प्राणरक्षणाची किंमत असते.

सरकारबरोबरच आणखी एक शक्ती पडद्याआड काम करीत असते. ती म्हणजे विमा. विमानाच्या नेहमीच्या विम्यातून युद्धजन्य धोके वगळलेले असतात व त्यांच्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. हा विमा थोड्या दिवसांची सूचना देऊन मागे घेण्याची मुभा विमेदार राखून ठेवतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर त्यांनी सात दिवसांची सूचना देऊन त्रयस्थांच्या नुकसानीसंबंधीचे मोठे संरक्षण काढून घेतले, तेव्हा अनेक देशांच्या सरकारांना विमान कंपन्यांच्या पाठीशी हमीदार म्हणून उभे राहावे लागले. म्हणजेच, विमानतळ खुला असूनही विम्याअभावी उड्डाण होऊ नये, असेही संभवते.

करार अशक्य झाला तर

ज्याचे पालन करणे कोणाच्याही हाती उरले नाही, त्या कराराचे काय करावयाचे, हा प्रश्न विमानांहून जुना आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा. त्याच्या ५६ व्या कलमानुसार, जे कृत्य करार झाल्यानंतर अशक्य वा बेकायदेशीर ठरते, त्यासंबंधीचा करार शून्य होतो. ६५ वे कलम पुढे असे सांगते की, शून्य झालेल्या कराराखाली ज्याला काही लाभ मिळाला असेल, त्याने तो परत केला पाहिजे.

इंग्लंडमध्ये हेच तत्त्व प्रस्थापित व्हावयास एक महायुद्ध घडावे लागले. १९३९ च्या जुलै महिन्यात पोलंडमधील एका कंपनीने लीड्सच्या एका कारखान्याकडे अंबाडीसारख्या तागवर्गीय धाग्यांवर काम करणारी यंत्रे मागविली आणि १,००० पौंड आगाऊ दिले. सप्टेंबरमध्ये जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि यंत्रे पोहोचविणे अशक्य झाले. दोष कोणाचाच नव्हता. तोपर्यंतच्या न्यायनिर्णयांप्रमाणे ज्याचे पैसे जेथे असतील तेथेच राहावयाचे. १९४२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ते जुने मत बाजूला सारले व असा निर्णय दिला की, मोबदल्यात काहीच मिळाले नसेल तर आगाऊ रक्कम परत मिळालीच पाहिजे. युद्धामुळे रद्द झालेल्या विमानाच्या तिकिटाचा परतावा मागणारा प्रवासी नकळत याच तत्त्वाचा आधार घेत असतो.

परतावा आणि भरपाई

येथे दोन शब्दांमधील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण बहुतेक गैरसमज त्यांच्या सरमिसळीतून उद्भवतात. परतावा म्हणजे प्रवाशाचेच पैसे त्याला परत देणे. भरपाई म्हणजे झालेल्या त्रासाबद्दल वरती काही रक्कम देणे. युद्धकाळात भरपाईचा हक्क सामान्यतः लोपतो. परताव्याचा लोपत नाही.

भारतात नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार कंपनीने उड्डाण रद्द केले तर प्रवाशाला पर्यायी विमान किंवा पैशांचा परतावा यांपैकी त्याला मान्य असेल ते द्यावे लागते. परंतु राजकीय अस्थैर्य, यादवी, दंगल, सरकारी आदेश अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांनी विमान रद्द झाले, तर भरपाई देण्याचे बंधन तिच्यावर राहत नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या विनियमात अंतरानुसार २५० ते ६०० युरोंची भरपाई सांगितलेली आहे. तीही असाधारण परिस्थितीत देय नसते. तथापि अडकलेल्या प्रवाशाच्या भोजन-निवासाची जबाबदारी तेथे कंपनीवरच राहते. २०१० साली आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद झाले होते. त्या प्रकरणी युरोपीय न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले की, या जबाबदारीला काळाची वा रकमेची मर्यादा नाही. अमेरिकेत २०२४ च्या नियमांनी असे ठरविले की, कारण कोणतेही असो, रद्द झालेल्या उड्डाणाऐवजी दिलेला पर्याय प्रवाशाने नाकारला तर त्याचे पैसे न मागता परत केले पाहिजेत.

प्रवाशाच्या बाजूने कायदा जितका कडक तितका चांगला, असे कोणास वाटेल. इस्रायलचा अनुभव याबाबत विचार करावयास लावणारा आहे. तेथील २०१२ च्या कायद्याने प्रवाशांना व्यापक हक्क दिले होते. १४ दिवसांपेक्षा कमी मुदतीत उड्डाण रद्द करणाऱ्या कंपनीवर भरपाईची जबाबदारी येई. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या दीर्घ युद्धकाळात परकीय कंपन्या तेथे परत येण्यास कचरू लागल्या. या जबाबदाऱ्यांचा बोजा हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. अखेर २०२५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि विशेष परिस्थिती जाहीर झाल्यास ही मुदत ७२ तासांवर आणण्याची सोय करण्यात आली. हक्क शिल्लक आहे पण विमानच येत नाही, अशा स्थितीत हक्काचा उपयोग तो काय?

भीती आणि अशक्यता

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. समजा, दोन कुटुंबांजवळ सीमेलगतच्या एकाच शहराच्या, एकाच विमानाची तिकिटे आहेत. वातावरण तंग आहे. पहिले कुटुंब आठ दिवस आधी घाबरून तिकिटे रद्द करते. दुसरे वाट पाहते. आदल्या दिवशी विमानतळ बंद होतो. दुसऱ्या कुटुंबाला संपूर्ण परतावा मिळतो, तर पहिल्याला रद्द-शुल्क वजा होऊन उरलेली रक्कम. धोका तोच, विमान तेच. मग असा भेदभाव का?

उत्तर असे की, कायदा अशक्यता ओळखतो, भीती ओळखत नाही. जोवर उड्डाण वेळापत्रकात आहे, तोवर ते रद्द करणे हा प्रवाशाचा ऐच्छिक निर्णय मानला जातो. कंपनीने ते रद्द केले म्हणजे निर्णय प्रवाशाचा राहत नाही. हे कठोर वाटते, परंतु भीतीचे माप कोणी व कसे घ्यावयाचे, हा प्रश्न उरतोच. ज्या प्रवाशाला वाट पाहणे शक्य आहे, त्याने कंपनीच्या वा सरकारच्या घोषणेपूर्वी घाईने तिकीट रद्द करू नये, हा व्यवहारातील बोध यातूनच निघतो. मात्र सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपर्यंत काहीच न कळविता घरी बसून राहणेही बरे नव्हे. विमान सुटले आणि प्रवासी आला नाही, तर त्याच्या पदरी फारच थोडे पडते.

भीती आणि अशक्यता यांमधली ही दरी काही अंशी बुजविण्यासाठी कंपन्या सवलतीची घोषणा करतात. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे पर्यटकांवर हल्ला झाला, त्यानंतर श्रीनगरच्या प्रवाशांसाठी अशाच सवलती जाहीर झाल्या. विमानतळ खुला होता, विमाने जात होती. तरी ३० एप्रिलपर्यंतच्या प्रवासाची तिकिटे शुल्काविना बदलण्याची वा रद्द करण्याची मुभा देण्यात आली. अशी घोषणा वाचताना तीन तारखा पाहाव्यात. तिकीट कोणत्या तारखेपर्यंत काढलेले असावे, प्रवास कोणत्या दिवसांतील असावा, आणि बदल कधीपर्यंत करून घ्यावयाचा. पहिल्या तारखेचा हेतू उघड आहे: संकट ठाऊक असताना तिकीट घेणाऱ्याने सवलत मागू नये. त्याशिवाय आणखी एक बाब पाहावी. बदलाचे शुल्क माफ झाले म्हणजे नव्या दिवसाच्या भाड्यातील फरकही माफ झाला, असे नव्हे.

ज्यांना सवलत मिळत नाही तेही अगदी रिक्तहस्त नसतात. महासंचालनालयाच्या २०१६ च्या सुधारणांनुसार, मूळ भाडे परत न मिळणाऱ्या तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत करावी लागतात. रद्द-शुल्क मूळ भाडे व इंधन-अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू शकत नाही. परताव्याची रक्कम पुढील प्रवासासाठी कंपनीकडे ठेवावयाची की हाती घ्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकारही प्रवाशाचाच आहे.

विमान उडते तेव्हाही

प्रत्येक संकटात विमाने रद्दच होतात असे नाही. मे २०२५ मध्ये देशभर सुरक्षा-तपासणी कडक झाली; विमानात चढण्यापूर्वी पुन्हा एकदा झडती घेतली जाऊ लागली. प्रवाशांना तीन तास आधी येण्याचा सल्ला देण्यात आला व नोंदणी सुटण्याच्या ७५ मिनिटे आधी बंद होऊ लागली. अशा दिवसांत उशिरा पोहोचलेल्याचे विमान चुकले तर तो दोष त्याचा धरला जातो.

मार्ग लांबणे हा दुसरा परिणाम. फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट प्रसंगानंतर पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती १६ जुलै २०१९ रोजी खुली झाली. त्यापैकी २ जुलैपर्यंतच्या काळात एकट्या एअर इंडियाला सुमारे ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना तोच मार्ग पुन्हा बंद झाला, तेव्हा प्रवाशांना लांबलेल्या प्रवासाची व वाटेतील थांब्यांची पूर्वकल्पना द्यावी, असे महासंचालनालयाने कंपन्यांना बजावले. विमान असे उशिरा पोहोचले की पुढचे विमान चुकण्याचा संभव असतो. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढची व्यवस्था कंपनी करते. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर प्रत्येक करार स्वतंत्र आणि चुकलेल्या विमानाचा तोटा प्रवाशाचा. स्वस्तात पडतात म्हणून दोन तिकिटे घेणाऱ्याने ही जोखीम ओळखून घ्यावी. प्रवास-विम्यावरही फार विसंबू नये, कारण पुष्कळशा विमापत्रांतून युद्ध वगळलेले असते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमधील भारतीय विद्यार्थ्यांना आणण्यासाठी निघालेले विमान वाटेतूनच परतले, कारण ते तेथे पोहोचण्यापूर्वीच युक्रेनचे आकाश बंद झाले होते. त्या विद्यार्थ्यांना पुढे शेजारच्या देशांतून विशेष विमानांनी आणावे लागले. तिकिटाचा करार कोठे संपतो आणि राज्याचे कर्तव्य कोठे सुरू होते, ती सीमारेषा या प्रसंगात स्पष्ट दिसते. कायदा पैसे परत मिळवून देऊ शकतो. माणसाला घरी पोहोचविण्याचे काम मात्र अशा वेळी कोणत्याही तिकिटाच्या आवाक्याबाहेर जाते आणि ते समाजाने, सरकारच्या हातांनी, स्वतःकडे घ्यावे लागते.