परवाना नेमका कुठे अडतो?

अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसरात पर्यटकांना खोल्या आणि तंबू पुरवणे हा अनेक कुटुंबांचा व्यवसाय आहे. अशा घरात हिशेबाचा डेस्कटॉप, बुकिंगचा लॅपटॉप आणि मुलांच्या अभ्यासाचा तिसरा संगणक असू शकतो. मे-जूनमधील काजव्यांच्या गर्दीत यांपैकी एकावर ‘परवाना वैध नाही’ असा संदेश आला, तर काम खोळंबते. हा संदेश एकच दिसला, तरी त्यामागची कारणे वेगवेगळी असतात.

परवान्याचे चार घटक

सॉफ्टवेअर विकत घेणे म्हणजे ठरलेल्या अटींवर ते वापरण्याचा हक्क घेणे. तो हक्क चार गोष्टींशी बांधलेला असू शकतो: उत्पादनाची की, विशिष्ट संगणक, वापरकर्त्याचे खाते आणि मुदत. सक्रिय करताना कंपनीचा सर्व्हर या गोष्टी ताडून पाहतो. त्यांपैकी एक जरी जुळली नाही, तरी परवाना अडतो. दोष शोधणे म्हणजे न जुळणारी गोष्ट ओळखणे.

संगणकाची ओळख

विंडोज संगणकाला त्याच्या सुट्या भागांवरून ओळखते आणि त्यात मदरबोर्डचे महत्त्व सर्वांत जास्त असते. रॅम वाढवल्याने सहसा काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला की मात्र तोच संगणक विंडोजला नवा वाटतो. विंडोज ८पासून बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपची की फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्येच, साठवलेली असते, त्यामुळे त्याच लॅपटॉपवर पुन्हा विंडोज टाकल्यास ती आपोआप सापडते. अट एवढीच, की आवृत्ती तीच हवी. ‘होम’ आवृत्तीसह आलेल्या लॅपटॉपवर दुरुस्तीच्या वेळी ‘प्रो’ टाकली, तर फर्मवेअरमधील की खरी असूनही निरुपयोगी ठरते.

संगणकांची संख्या

घरातील संगणक वाढले की परवान्याची मोजणी महत्त्वाची होते. अँटिव्हायरसच्या खोक्यावर १, २, ३ किंवा १० युजर असे लिहिलेले असते. तिथे युजर म्हणजे माणूस नव्हे, तर संगणक. मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये मोजणी खात्यांची होते: पर्सनल योजना एका व्यक्तीसाठी, तर फॅमिली योजना सहा व्यक्तींपर्यंत असते. एका व्यक्तीला एकाच वेळी पाच उपकरणांवर साइन-इन राहता येते. जुना लॅपटॉप विकताना त्यातील खाते काढले नाही, तर ती जागा अडून राहू शकते.

टॅलीचे उदाहरण

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सिल्व्हर परवाना एका संगणकासाठी असतो, तर गोल्ड परवाना स्थानिक जाळ्यातील अनेक संगणकांसाठी. नव्या डेस्कटॉपवर जाताना आधी जुन्यावरील परवाना ‘सरेंडर’ करावा लागतो. तो टप्पा राहून गेला, तर नव्या संगणकावर परवाना मिळत नाही आणि टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते. त्यात व्यवहारांची नोंद महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना करता येते. पंधरा तारखेचे बिल नोंदले जात नाही म्हणून हिशेबाची फाइल बिघडली, असा समज होतो. प्रत्यक्षात आधीचा हिशेब जागेवर असतो, फक्त परवाना पोहोचलेला नसतो.

वीज, सेल आणि तारीख

डेस्कटॉपचे घड्याळ मदरबोर्डवरील ३ व्होल्टच्या सीआर२०३२ या सेलवर टिकते. सेल संपला असला, तरी संगणक विजेला जोडलेला असेपर्यंत दोष सहसा लपून राहतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील मुसळधार पावसात वीज काही तास गेली, की घड्याळ काही वर्षे मागे जाते. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना डिजिटल प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते; चुकीच्या तारखेनुसार ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते. जोडणी तुटते आणि पडद्यावर संदेश उमटतो तो परवान्याचा. तारीख दुरुस्त केल्यावर दोष जातो. पुढच्या वेळी वीज गेल्यावर तो परत आला, तर सेल बदलणे हाच उपाय असतो.

इंटरनेटचा वाटा

मायक्रोसॉफ्ट ३६५सारख्या वर्गणीच्या सॉफ्टवेअरला साधारण महिन्यातून एकदा तरी सर्व्हरशी संपर्क हवा असतो. डोंगरी भागात रेंज कमी असली, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून थोडा वेळ जोडणी दिली तरी पुरते. मात्र घरगुती विंडोज ‘संस्थेचा सक्रियीकरण सर्व्हर सापडत नाही’ असे म्हणत असेल, तर इंटरनेट सुधारून उपयोग नाही. तिथे बहुधा कार्यालयांसाठीची सामूहिक की वापरलेली असते. त्या पद्धतीचे सक्रियीकरण १८० दिवस टिकते. म्हणूनच दुकानातून ‘ॲक्टिव्हेट करून’ आणलेला संगणक काही महिन्यांनी पुन्हा तक्रार करू लागतो.

डोंगल

मराठी छपाईच्या कामात परिचित असलेल्या श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना डोंगल या छोट्या उपकरणात असे. डोंगल ज्या संगणकाला लावले, तिथे सॉफ्टवेअर चालते. त्यामुळे परवाना हलवणे सोपे, पण हरवणेही तितकेच सोपे. नव्या विंडोजला डोंगलचा ड्रायव्हर सापडला नाही, तर उपकरण लावलेले असूनही ‘लॉक सापडले नाही’ असा संदेश येतो.

तपासणीचा क्रम

सोप्या तपासणीकडून अवघड तपासणीकडे जाणे हिताचे. प्रथम तारीख, वेळ आणि टाइम झोन, मग इंटरनेट, मग सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि की यांचा मेळ, त्यानंतर साइन-इन केलेले खाते, शेवटी वापरलेल्या संगणकांची मोजणी. तीनही संगणकांवर एकाच दिवशी दोष आला, तर वर्गणीची मुदत किंवा राउटर संशयित ठरतो. एकावरच आला, तर त्या यंत्रातच कारण असण्याची शक्यता अधिक. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकणे हा पहिला उपाय मानला जातो, पण जुना परवाना मोकळा न करता तसे केल्यास मोजणीचा नवाच प्रश्न उभा राहू शकतो.

कायद्याची चौकट

भारतात संगणक प्रणालीला १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. वैध प्रत बाळगणाऱ्याला हानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा हाच कायदा देतो. राखीव प्रत ठेवणे वैध असले, तरी तीच प्रत दुसऱ्या संगणकावर चालवण्यासाठी वेगळा परवाना लागू शकतो.

मर्यादा आणि पर्याय

घरातल्या तपासणीने प्रत्येक दोष सुटत नाही. जुना संगणक जळाला असेल, तर त्यावरील परवाना मोकळा करण्यासाठी विक्रेत्याकडे खरेदीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून की, आवृत्ती, खात्याचा ईमेल, मुदत आणि संगणक यांची नोंद खरेदीच्या दिवशीच कागदावर करणे उपयुक्त. पत्रे आणि साध्या तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस व युनिकोड मराठी पुरते. त्यांना सक्रिय करावे लागत नाही. सशुल्क परवाने फक्त गरजेच्या कामांपुरते ठेवले, तर जुळवायच्या गोष्टी आणि त्यांत अडण्याच्या शक्यता दोन्ही घटतात.