शेताला गुण द्यायचे कुणी?

धरमतरच्या पुलावरून अलिबागला जाणारी मंडळी खाडीकडे एकदा नजर टाकतात आणि पुन्हा डुलक्या घेऊ लागतात. मी मात्र गेल्या आश्विनात दुर्बीण गळ्यात अडकवून पुलाअलीकडेच उतरलो. इथली भातशेती पाखरांना कितपत मानवते, याची परीक्षा घ्यायची होती.

परीक्षेचे प्रश्न साधेच. शेतात पाणी किती दिवस टिकते? बेडूक, मासळी, किडे आहेत का? बांधावर झाड उरले आहे का? औषधाची फवारणी किती होते?

पहिले शेत खारबांधाच्या आतले. भात पिवळे पडलेले. कडेला गायबगळे, पाण्याशी ढोकरी, तारेवर कोतवाल आणि खंड्या. बांधावरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. आपण हिला सुगरण म्हणतो खरे, पण विणकाम सारे नराचे! इथून जवळच, किहीमला, सालिम अलींनी १९३० साली या पाखरांवर पाळत ठेवली. मादी अर्धवट विणलेला खोपा पारखून पसंत करते आणि तिचे बस्तान बसले, की नर दुसरा खोपा विणायला घेतो, हे गुपित त्यांना तिथे उलगडले. विणायला भाताची पात, खायला दाणे, पिलांना किडे! हा सारा संसार शेताच्याच जिवावर. मी सढळ हाताने गुण दिले.

दुसऱ्या शेताचा बांध फुटला होता. उधाणाचे पाणी आत शिरून तिवरे उगवली होती. चिखलात तुतारी, चिखल्या असे उत्तरेकडचे पाहुणे टिपत होते. जाती मोजल्या, तर पहिल्या शेताहून अधिक! मी खुशीत वही भरू लागलो.

"काय लिवता?" मागून आवाज आला. शेताचा धनी होता तो. मी सांगितले. तो हसला. "पाखरं आली खरी, पन माजं भात गेलं."

माझी पेन्सिल थांबली. खारे पाणी एकदा आत शिरले, की जमिनीतले मीठ धुऊन निघायला पावसाळे जावे लागतात, आणि तेही बांध पुन्हा घातला तर! चिखलातल्या पाहुण्यांना बांधाबाहेर खाडीचा किनारा आहे, ओहोटीचा चिखल आहे. सुगरणीला मात्र भात लागते आणि भाताला शेतकरी.

परतताना वहीत एक प्रश्न वाढवला: शेतात धनी टिकला आहे का? आता गुण देताना मी तोच प्रश्न आधी विचारतो.