संशयाला जागा

संशोधनाचं वातावरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठी इमारत आणि महागडी यंत्रं येतात. ती लागतातच. पण न्यायदर्शनातल्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यापाठोपाठ तिसरा येतो तो संशय. म्हणजे संशय हा दोष नव्हे, ज्ञानाच्या वाटेवरचा टप्पा आहे. त्याला जिथं जागा असते, तिथं संशोधन होतं.

मुंबईतलं परळ बघा. के.ई.एम. रुग्णालय आणि जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ पासून एकाच आवारात आहेत. तिथं काही रुग्णांचं रक्त तपासणीत ‘ओ’ गटासारखं दिसे, पण ‘ओ’ गटाचं रक्तही त्यांना जुळेना. ‘तपासणी चुकली असेल’ म्हणून कागद बाजूला सारणं सोपं होतं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तसं केलं नाही. या माणसांच्या रक्तात ‘एच’ हा मूळ घटकच नाही, आणि ‘ओ’ गटात तर तो भरपूर असतो, असं कळलं. १९५२ साली हा शोध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ‘बॉम्बे’ रक्तगट तो हाच.

पण संशय दोन तऱ्हेचा असतो. एक म्हणतो, ‘कसं झालं ते दाखवा.’ दुसरा म्हणतो, ‘हे तुमच्याकडून होणंच शक्य नाही.’ दुसरा खरं तर संशय नव्हेच, तो आधीच दिलेला निकाल असतो.

कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. सरकारी समितीनं त्यांचा दावा खोटा ठरवला. त्यांची बदली झाली, जपानला जाऊन काम मांडायची परवानगीही मिळाली नाही. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली.

पुढं ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम.मध्ये हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा रुग्णालयाच्या, डॉ. टी. सी. आनंद कुमार परळमधल्याच प्रजनन संशोधन संस्थेचे. दवाखाना आणि प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर होती, दोघांचं सूत जुळलं. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून हर्षाचं नाव झालं.

पण खरी मोठी गोष्ट नंतरची. मुखर्जींच्या हस्तलिखित नोंदी आनंद कुमारांच्या हाती आल्या. त्यांनी त्या तपासल्या आणि १९९७ साली जाहीर लिहिलं, की पहिला मान मुखर्जींचाच. स्वतःच्या नावावरचा ‘पहिला’ हा शब्द त्यांनी आपल्या हातानं दुसऱ्याला दिला. बघा, न्याय मिळाला तो नोंदींमुळे, आणि त्या नोंदी खुल्या मनानं वाचणाऱ्या माणसामुळे.

आता आपल्या परभणीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलंय. यंत्रं आज ना उद्या येतील. पण ओपीडीच्या गर्दीत एखादी पोरगी म्हणाली, ‘सर, हा रुग्ण पुस्तकाप्रमाणे वागत नाही,’ तर तिला गप्प बसवायचं, की वही काढून लिहून ठेवायला सांगायचं? याला अनुदान लागत नाही. आणि हे नसेल, तर अनुदान येऊनही फारसं काही हाती लागत नाही.